संज्ञाप्रवाही कादंबरी पडद्यावर आणताना आतला आवाज ठेवावा का?

कवडसा

एका दीर्घकथेवरून अर्ध्या तासाची फिल्म करायचं चाललंय. कथा आमच्यातल्याच एकीची, अजून कुठे छापलेली नाही. एक बाई रात्रभर आगगाडीत बसून आहे. बाहेर काही म्हणजे काही घडत नाही. जे घडतं ते तिच्या डोक्यात, आणि तेही सरळ रांगेत नाही. समोरच्याने खिडकी खाली पाडली की त्या आवाजावरून तिला एक जुनं दार आठवतं, दारावरून बहीण, बहिणीवरून एक न पाठवलेलं पत्र.

लेखिकेला पार्श्वभूमीवर बाईचा आतला आवाज हवाच आहे. दिग्दर्शकाला एकही शब्द नको. मी पटकथा लिहितेय आणि माझा कल दिग्दर्शकाकडे आहे. का ते सांगते, मग तुम्ही बोला.

संज्ञाप्रवाही, म्हणजे पात्राच्या मनातले विचार जसे येतील तसे मांडणाऱ्या कादंबऱ्यांवरचे चित्रपट शोधून शोधून पाहिले. बहुतेक ठिकाणी मला एकच चूक दिसते. विचार म्हणजे मनातल्या मनात केलेलं भाषण असं धरून चालतात. पण कादंबरीत विचार म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीवर जायचा रस्ता असतो. चित्रपटवाले रस्ता टाकून देतात आणि मुक्काम तेवढे उचलतात.

व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' (१९२५) घ्या. रस्त्यावर एका मोटारीतून बार उडाल्यासारखा आवाज होतो. तो फुलांच्या दुकानात क्लॅरिसा, म्हणजे मिसेस डॅलोवे, ऐकते आणि बाहेर युद्धातून परतलेला सेप्टिमसही ऐकतो. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्या आवाजावरून आपण एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातो. थोड्या वेळाने विमान आकाशात धुराने जाहिरातीची अक्षरं काढतं, सगळे माना वर करून वाचायला लागतात, आणि निवेदन एकेकाच्या मनाला शिवून पुढे सरकतं. हे तर कॅमेऱ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे! मार्लीन गॉरिसच्या १९९७च्या चित्रपटात व्हनेसा रेडग्रेव्हचं काम सुरेख आहे, पण सुरुवातच होते ती महायुद्धाच्या आघाडीवर, सेप्टिमसच्या डोळ्यांदेखत त्याचा मित्र मरतो तिथे. कादंबरीत ही गोष्ट झिरपत झिरपत कळते. इथे पहिल्या काही मिनिटांत हातात ठेवली. पुढे सेप्टिमस काहीही पाहो, आपल्याला कारण आधीच ठाऊक असतं.

म्हणून माझा प्रश्न: हे सांधे, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीवर जायच्या जागा, नीट दाखवले तर आतल्या आवाजाची गरज उरते का?

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो. फॉकनरबद्दल लिहायचंय, रात्री सविस्तर.

ताम्रपट

मला हे मुळातच पटत नाही.

सांधे महत्त्वाचे, मान्य. पण त्या कादंबऱ्या भाषेत घडतात, आणि त्यातली निम्मी गंमत सांध्यांत नसून वाक्यांत आहे. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'चं (१९२२) शेवटचं प्रकरण पाहा. नायकाची बायको मॉली अंथरुणात पडून आहे. आठ प्रचंड वाक्यं, विरामचिन्हं जवळपास नाहीत. एखादा 'तो' नेमका कोण, नवरा की प्रियकर की जुना कोणी, हे वाचताना ठरवावं लागतं, आणि कधी कधी ठरतच नाही. तिच्या मनात ते पुरुष एकमेकांत मिसळलेत, म्हणून सर्वनामही मिसळलंय. आता हे पडद्यावर आणा. ज्या क्षणी तुम्ही एका नटाचा चेहरा दाखवला, त्या क्षणी 'तो' ठरला. चित्राला सर्वनाम नसतं. कॅमेरा 'कोणीतरी' दाखवू शकत नाही, तो नेहमी 'हाच' दाखवतो.

त्यामुळे तुमच्या लेखिकेची भीती मला रास्त वाटते. तिची वाक्यं काढली की तिची कथा राहणार नाही. दुसरी चांगली गोष्ट राहील कदाचित, पण तिची नाही.

चिंचोका

विरामचिन्हं नाहीत म्हटल्यावर संकलकाला कट मारायलाही बंदी का? :)

एक साधा प्रश्न. यातलं काहीच पाहिलेलं नसेल तर सुरुवात कशापासून करावी?

मधुमालती

@चिंचोका, अलँ रेनेच्या 'हिरोशिमा मोनामूर'पासून (१९५९). ते कादंबरीचं रूपांतर नाही, पटकथा मार्गरीत द्युरासने थेट पडद्यासाठी लिहिली. पण कवडसा ज्याला सांधा म्हणतेय तो तिथे एका कटमध्ये दिसतो. जपानी माणूस झोपलाय, त्याचा हात किंचित हलतो. नायिका दारातून पाहतेय. आणि क्षणभर दुसराच एक हात दिसतो, मरत असलेल्या जर्मन सैनिकाचा. लगेच परत. कोणी काही समजावत नाही. तो सैनिक कोण हे पुष्कळ नंतर कळतं. तेव्हा आठवण आपल्याला 'सांगितली' जात नाही, ती तिच्यावर जशी चालून येते तशीच आपल्यावर येते.

@ताम्रपट, मॉलीच्या प्रकरणाचं तुम्ही म्हणता ते बरोबर, तरी जोसेफ स्ट्रिकचा १९६७चा 'युलिसिस' एकदा पाहा असं सुचवेन. पैशांअभावी त्याने कादंबरीतलं १९०४चं डब्लिन सोडून सरळ त्या वेळचं, साठच्या दशकातलं डब्लिन घेतलं. बरंच काही बसलेलं नाही. पण शेवटचा भाग! बार्बरा जेफर्ड ते स्वगत वाचते, आणि वाचता वाचता तिचा श्वास कुठे तुटतो, कुठे ती स्वतःशीच हसते, यातून विरामचिन्हं नसलेल्या मजकुराला एक देह मिळतो. चित्रं मात्र मध्ये मध्ये अगदीच शब्दाला शब्द आहेत. तिने एखाद्याचं नाव काढलं की तो हजर. तिथे तुमचा मुद्दा शंभर टक्के लागू. मला तर तो भाग डोळे मिटून ऐकावासा वाटतो.

आणि हे सगळं केवळ आवाज असूनही केवढी दहशत बसली होती पाहा. आयर्लंडमध्ये हा चित्रपट २०००पर्यंत दाखवता आला नाही. न्यूझीलंडमध्ये स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे बसवून दाखवला गेला.

चिंचोका

वेगवेगळे बसवून! म्हणजे मॉलीच्या मनात काय चाललंय ते नवऱ्याशेजारी बसून ऐकायचं नाही. धन्यवाद, यादीत टाकला.

अनुनाद

मी ध्वनी संकलन करतो, म्हणून कामाच्या बाजूने लिहितो.

आतला आवाज म्हणजे एकच गोष्ट नाही. माइक अगदी तोंडाजवळ ठेवून, खोलीचा गुंजारव अजिबात न येऊ देता ध्वनिमुद्रण केलं की तो आवाज प्रेक्षकाला आपल्याच डोक्यात बोलल्यासारखा वाटतो. तेच वाक्य थोडं लांबून, खोलीच्या गुंजारवासकट घेतलं की ती बाई कुणाला तरी सांगतेय असं वाटायला लागतं. बऱ्याच चित्रपटांत हा फरकच सांभाळलेला नसतो आणि मग आतला आवाज निवेदकासारखा ऐकू येतो. लोक वैतागतात ते शब्दांना नाही, या अंतराला.

दुसरं, विचार सुरू होताना बाहेरचे आवाज पूर्ण बंद करायची सवय लागलीय सगळ्यांना. प्रत्यक्षात असं होत नाही. आपण विचारात असतो तेव्हा बाहेरचं सगळं चालूच असतं, फक्त त्यातला एखादाच आवाज उगाच मोठा होतो. नळ, पंखा, कुणाचं तरी खोकणं. कवडसा, तुमच्याकडे आगगाडी आहे. रुळांची लय रात्रभर चालू राहणार. पुलावर ती बदलते, बोगद्यात बदलते, स्टेशन जवळ आलं की सुटी सुटी होते. तुमचे निम्मे सांधे तिथेच तयार आहेत. आठवणीतलं दृश्य चालू असतानाही रूळ पूर्ण थांबवू नका. आणि ज्या एकाच आठवणीत तिला गाडीचं भान खरोखर सुटतं, तिथे मात्र थांबवा.

रातकिडा

आलो. अनुनादच्या प्रतिसादामुळे माझं निम्मं काम झालं.

फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९). पहिला भाग बेंजीचा. वय ३३, पण त्याला काळाची समजच नाही. त्याच्यासाठी आत्ता आणि तेव्हा एकाच जागी आहेत. कादंबरी उघडते तेव्हा तो कुंपणापलीकडे गोल्फ खेळणाऱ्यांना पाहतोय. खेळाडू 'कॅडी' अशी हाक मारतात, त्यांच्या पिशव्या उचलणाऱ्या पोराला. बेंजी विव्हळायला लागतो, कारण त्याच्या बहिणीचं नाव कॅडी, आणि ती आता घरात नाही. वाचकाला हे पुष्कळ पानांनंतर उमगतं. मग तो कुंपणाच्या फटीतून सरपटत जाताना खिळ्याला अडकतो. पुढच्या वाक्यात त्याला खिळ्यातून सोडवतेय ती कॅडी, आणि आपण कित्येक वर्षं मागच्या हिवाळ्यात आहोत.

एक हाक आणि एक खिळा. कागदावर काळ बदलल्याचं दाखवायला फॉकनरला तिरक्या टाइपाचा आधार घ्यावा लागला. रंगीत शाईत छापता आलं तर बरं असंही त्याच्या मनात होतं. चित्रपटाला त्यातलं काहीच लागत नाही! कट हा बेंजीच्या मनासारखाच असतो, त्याला 'पूर्वी' हा शब्द माहीतच नाही.

आणि मार्टिन रिटने १९५९मध्ये काय केलं? बेंजीचा भाग सोडूनच दिला. सरळ रेषेतली घरगुती गोष्ट, यूल ब्रायनर जेसन, जोअॅन वुडवर्ड कॅडीची मुलगी क्वेंटिन. जो भाग चित्रपटासाठी सर्वांत सोपा होता तोच अवघड समजून टाकला याचं मला अजून वाईट वाटतं. २०१४मध्ये जेम्स फ्रँकोने तो घेतला, बेंजीची भूमिकाही स्वतः केली. धाडसाबद्दल मला त्याचा आदर आहे, पण त्यात बेंजी काय पाहतोय यापेक्षा नट काय करतोय तेच जास्त दिसत राहतं. बेंजीला आपण बाहेरून पाहायचंच नाही, हा त्या भागाचा प्राण आहे.

ताम्रपट

रातकिडा, बेंजीचं उदाहरण मला मान्य करावं लागेल. पण ते तुम्ही फार सोयीचं निवडलंत. बेंजीला भाषाच नाही, म्हणून तो चित्रपटात जातो. त्याच कादंबरीत पुढचा भाग बेंजीच्या भावाचा आहे, त्याचंही नाव क्वेंटिन. हार्वर्डचा विद्यार्थी, शब्दांत बुडालेला. त्याचं काय कराल?

आणि काळाबद्दल आणखी एक. वाचताना वेग माझ्या हातात असतो. एक वाक्य मी तीनदा वाचतो, मागे जातो, पुस्तक मिटून बसतो. थिएटरात वेग यंत्राचा. वुल्फच्या 'टू द लाइटहाउस'चा (१९२७) मधला भाग घ्या, 'टाइम पासेस'. दहा वर्षं, रिकामं घर, धूळ, ओल. आणि मिसेस रॅमझे, जिच्याभोवती सगळी कादंबरी फिरते, तिचा मृत्यू कंसात येतो. कंसात, एका वाक्यात, जाता जाता. वाचक दचकून मागे जातो. हा कंस कोणत्या लेन्सने टिपणार?

उंबरठा

कंस टिपता येईल असं मला वाटतं. रिकाम्या घराचा लांबलचक शॉट, भिंतीवर सरकणारं ऊन, आणि दूर कुठल्यातरी खोलीत कोणी कोणाला तरी ती बातमी सांगतंय, जेमतेम ऐकू येईल इतपत. कॅमेरा वळत नाही, धुळीकडेच पाहत राहतो. ज्याने ऐकलं त्याने ऐकलं. वाक्य मागे जाऊन वाचता येणार नाही हे खरं, पण न वळणारा कॅमेरा तीच बेपर्वाई दाखवतो.

खुद्द वुल्फने याबद्दल लिहून ठेवलंय. १९२६चा तिचा सिनेमावरचा निबंध. त्यात ती आधी चित्रपटवाल्यांना चांगलंच झोडपते. 'अ‍ॅना करेनिना'चं रूपांतर पाहून ती म्हणते की अ‍ॅना आपल्याला आतून माहीत असते, आणि पडदा तिचे दात, मोती, मखमल दाखवत बसतो. पण त्याच निबंधात पुढे 'डॉ. कॅलिगरी' हा चित्रपट पाहतानाचा प्रसंग आहे. पडद्याच्या कोपऱ्यात अचानक बेडकाच्या पिल्लासारखी एक सावली उमटली, फुगली, थरथरली आणि विरून गेली. चित्रपटाचा तो भागच नव्हता, निव्वळ बिघाड होता. पण त्या क्षणी तिला वाटलं की 'मला भीती वाटते' या शब्दांपेक्षा ही सावली भीतीच्या जास्त जवळ आहे. म्हणजे सिनेमाने कादंबरीतले प्रसंग उचलण्यापेक्षा भावनेला स्वतःचा आकार शोधावा.

संज्ञाप्रवाहातली एवढी मोठी लेखिका हे म्हणतेय, आणि तेही 'डॅलोवे' आणि 'लाइटहाउस' यांच्या मधल्या वर्षात. मला तरी हा दिग्दर्शकाच्या बाजूचा कौल वाटतो.

जाता जाता, मणी कौलचा 'उसकी रोटी' (१९७०) या धाग्यात यायलाच हवा. मूळ मोहन राकेशांची कथा, संज्ञाप्रवाही नव्हे. पण बसची वाट पाहत थांबलेल्या बाईची प्रत्यक्ष वाट पाहणी आणि मनातली वाट पाहणी यांसाठी त्याने दोन वेगळ्या लेन्स ठरवल्या, आणि पुढे त्यांची अदलाबदल केली. प्रेक्षकाला खूण सांगितलेलीच नाही. अंगावर येतं ते.

शून्यप्रहर

एवढी चर्चा झाली आणि सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन आला नाही? :)

१९२९मध्ये तो पॅरिसला जॉइसला भेटला. जॉइसची दृष्टी तोवर फार अधू झाली होती. 'युलिसिस'ने आयझेनस्टाइन झपाटलेला होता, आणि आतलं स्वगत कादंबरीपेक्षा बोलपटालाच खरं साधेल अशी त्याची खात्री होती. पुढच्याच वर्षी हॉलिवूडमध्ये त्याने ड्रायझरच्या 'अॅन अमेरिकन ट्रॅजेडी'ची पटकथा केली. नायक गरोदर प्रेयसीला बुडवायच्या इराद्याने होडीत घेऊन जातो. मारावं की मारू नये हे त्याच्या डोक्यात चाललंय ते कसं दाखवायचं? आयझेनस्टाइनची टिपणं वाचण्यासारखी आहेत. कधी नुसती चित्रं आणि पूर्ण शांतता. कधी काळा पडदा आणि त्यावर धावणारे शब्द. कधी फक्त नामं, कधी फक्त क्रियापदं. कधी चित्र आणि ध्वनी एकमेकांशी भांडतायत.

पॅरामाउंटने ती पटकथा नाकारली. १९३१मध्ये त्याच कादंबरीवर श्टर्नबर्गने चित्रपट केला.

यातून मला दिसतं ते असं: शब्द की चित्र हा प्रश्नच त्याला पडला नव्हता. दोन्ही वापरायचे, पण एकाच वेळी एकच गोष्ट सांगायला नाही. क्वेंटिनचं काय करायचं या ताम्रपट यांच्या प्रश्नालाही माझं हेच उत्तर आहे. बोलू द्या त्याला, फक्त तो बोलतोय तेच दाखवू नका.

चिंचोका

काळा पडदा आणि धावणारे शब्द, १९३० सालात!

मधुमालती

अवांतर: जॉइसने १९०९मध्ये डब्लिनला 'व्होल्टा' नावाचं चित्रपटगृह सुरू करण्यात स्वतः पुढाकार घेतला होता. फार काळ टिकलं नाही. फॉकनर तर हॉलिवूडमध्ये पटकथा लिहून पोट भरत होता, 'द बिग स्लीप' (१९४६) त्यातलाच. आणि डोरोथी रिचर्डसन, जिच्या कादंबऱ्यांबद्दल १९१८मध्ये 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस' हे शब्द समीक्षेत पहिल्यांदा वापरले गेले, ती 'क्लोज अप' मासिकात नियमित सिनेमावर लिहायची. ही सगळी माणसं सिनेमा पाहत होती. मग त्यांच्या पुस्तकांत सिनेमा आधीच शिरलेला असणार, यात नवल नाही.

अवांतर संपलं. प्रूस्टच्या कादंबरीवरचा राऊल रुइझचा 'टाइम रिगेन्ड' (१९९९) राहिला. प्रूस्ट मरणशय्येवर मजकूर सांगतोय आणि खोलीतलं फर्निचर हळूच जागा बदलतं. पुढे मैफलीत श्रोत्यांच्या रांगाच्या रांगा सरकतात. आवाज येत नाही, कोणी दखल घेत नाही. आठवणीत खोली कधीच एका जागी नसते हे मला प्रूस्ट वाचताना जाणवलं होतं, पाहिलं मात्र इथे. आतला आवाजही आहे त्यात, पण तो चित्राची जागा घेत नाही.

रातकिडा

मधुमालती, फर्निचरची आठवण काढल्याबद्दल आभार. तो शॉट मी मागे नेऊन पुन्हा पाहिला होता, खरंच हललं का म्हणून.

पाणकळा

नमस्कार. ती लेखिका मी.

कवडसाने धागा काढलाय हे आजच कळलं. सगळं वाचलं. एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ती माझ्याकडून त्या दोघांनाही नीट सांगितली गेली नव्हती बहुधा. माझी वाक्यं सुंदर आहेत म्हणून मला ती ठेवायचीयत असं नाही.

माझी बाई त्या वाक्यांत स्वतःशी खोटं बोलते. 'मी पत्र लिहिलं, पाठवायचं राहून गेलं' असं ती मनात म्हणते. राहून गेलेलं नाही, तिने ते ठरवून पाठवलेलं नाही. बहिणीच्या दाराची आठवण ती तीनदा काढते आणि दर वेळी थोडी बदलते, स्वतःला सोयीची करत. तुम्ही ते पत्र दाखवलंत, दार दाखवलंत, तर प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवणार. पडद्यावर दिसलं ते घडलं असंच आपण धरतो. ताम्रपट म्हणाले ना, कॅमेरा 'हाच' दाखवतो. मग तिचं खोटं कुठे ठेवायचं? माझ्याकडे त्याला भाषेशिवाय दुसरी जागा नाही.

सगळ्या सांध्यांवर माझा काही दावा नाही. ते रुळांच्या आवाजावर करा, आनंदाने करा.

ताम्रपट

हे मला सुचलं नव्हतं, आणि माझ्या मुद्द्यापेक्षा हा भक्कम आहे. सर्वनामाची संदिग्धता एक वेळ चुकत माकत साधेल. पण आत्मवंचनेला वाक्य लागतं, कारण ती 'असं झालं' या दाव्यातच असते.

शून्यप्रहर

मग तर उत्तर समोरच आहे. आवाज खोटं बोलू दे आणि चित्र गप्प राहू दे. ती 'पाठवायचं राहून गेलं' म्हणते तेव्हा पत्र दाखवूच नका. तिचे हात दाखवा. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने 'बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ' या मालिकेत (१९८०, चौदा भाग, पंधरा तासांहून जास्त) निवेदन स्वतःच्या आवाजात ठेवलं. समोर एक प्रसंग चाललेला असतो आणि हळू, जवळजवळ मायेने बोलणारा तो आवाज भलत्याच गोष्टीचं वाचन करत असतो. दोन्हींच्या मधल्या फटीत नायक फ्रांझ बीबरकोफ दिसतो.

उंबरठा

दाराची आठवण तीनदा बदलते म्हणता, तर दार एकदाच दाखवून भागेल. तिन्ही वेळा तोच शॉट, एका फ्रेमचाही फरक न करता. बदलेल ते फक्त तिचं वाक्य. तिसऱ्या वेळी प्रेक्षकाला कळेल की दार बदललेलं नाही.

कवडसा

उंबरठा, हे आम्ही घेतोय. दिग्दर्शकाला आत्ताच फोन करून सांगितलं, त्यालाही एकदम पटलं.

पाणकळाशी रात्री दोन तास बोलणं झालं. माझ्या पहिल्या पोस्टमधला मुद्दा मी सोडत नाही: बाईला काय आठवतं आणि कशावरून आठवतं हे सांगायला शब्द नकोत, ते खिडकी, रूळ आणि कट करतील. आवाज फक्त ती जिथे टाळते तिथे. पटकथेत अशा जागा लाल पेनने खुणा करून काढल्या तर फार थोड्या निघाल्या, आणि त्यातली एकही माहिती देणारी नाही. म्हणजे आतला आवाज पूर्ण बंद केला तरी गोष्ट कळेल, फक्त बाई कळणार नाही.

अनुनाद, एक विचारायचंय. खोटी वाक्यं तोंडाजवळच्या माइकवर घ्यायची की लांबून?

अनुनाद

जवळून. लांबून घेतलीत तर प्रेक्षकाला लगेच वास येईल की इथे काहीतरी वेगळं आहे. माणूस स्वतःशी खोटं बोलतो ते सर्वांत जवळच्या आवाजात बोलतो.

आणि चित्रीकरणाआधी ती वाक्यं नटीकडून एकदा कच्ची ध्वनिमुद्रित करून घ्या. सेटवर शॉटच्या वेळी तिला कानात ऐकवा. नाहीतर ती 'विचार करणारा' चेहरा करत बसेल. वाक्य कानात चालू असलं की ती नुसती ऐकेल, आणि ऐकणारा चेहरा विचार करणाऱ्या चेहऱ्याइतका खोटा दिसत नाही. पक्कं मुद्रण नंतर, संकलन झाल्यावर. तोवर यातली दोन-तीन वाक्यं तुम्ही स्वतःच काढून टाकलेली असतील.

पाणकळा

काढायची असतील तर आधी मला विचारा :) पण कानात ऐकवायची कल्पना फार आवडली. मी स्वतः वाचून देऊ का कच्च्यासाठी?

अनुनाद

नको. नटीलाच वाचू दे. तुमच्या आवाजात ऐकलं तर ती तुमची बाई करेल, तिची नाही.